ताई बस चालवते

मी बसवर कंडक्टर आहे, त्यामुळे सांगता सांगता आवाज चढला तर सांभाळून घ्या. मागच्या दारातल्या माणसाला ऐकू जावं अशी सवयच लागली आहे. त्यात ही गोष्ट माझ्या धाकट्या बहिणीची, आणि कधी एकदा सांगते असं झालंय मला.

तिला घरात सगळे मुनी म्हणतात. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. हातात सतत पुस्तक आणि बोलणं एकदम मोजकं. लहानपणी बोलताना फार अडखळायची, पुढे ते आपोआप गेलं. निदान आम्ही तसं धरून चाललो. आई तर शेजारणीला कौतुकाने सांगते, "आमची मुनी कधी एक प्रश्न विचारत नाही हो. तिला सगळं न सांगता समजतं." मी पडले तोंडाची फटकळ. दोघींच्या वाटणीचं बोलणं मी एकटीनेच उचललं, असं आईचं म्हणणं.

मुनीची एक खोड मला कळायची नाही. रोज माझ्याच बसने जाते, पण तिकीट मागते पोस्टाचं. कॉलेज आधी येतं, पोस्ट त्याच्या पुढे. बाईसाहेब पोस्टाला उतरणार आणि तिथून मागे चालत कॉलेजात जाणार. विचारलं तर म्हणायची, "तेवढाच व्यायाम."

तर गेल्या आठवड्यात ती दुपारची बसमध्ये चढली आणि थेट शेवटच्या थांब्यापर्यंत आली. बस रिकामी झाल्यावर तिने दप्तरातून कागद काढून माझ्या हातात दिले.

"ताई, माझा लेख निवडलाय. वार्षिक समारंभात वाचायचाय. माझ्याऐवजी तू वाच ना."

मला तर आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, असं झालं. माझ्या जोडीचे ड्रायव्हरकाका पुढे डबा उघडून बसले होते. म्हटलं, काका, ऐका आता. मधल्या दांड्याला धरून उभी राहिले आणि केली सुरुवात. लेखाचं नाव होतं 'शांत माणसं'. काही माणसांना शांतता मनापासून आवडते, गर्दीतही ती आपल्यापुरती असतात, असं काहीबाही. इतकं गोड लिहिलं होतं पोरीने की वाचताना मीच फुगत चालले होते. आणि दुसऱ्या पानावर आलं, 'माझी ताई बस चालवते.'

मी थांबले. काकांनी घास गिळला आणि म्हणाले, "मग मी उद्यापासून घरी बसू ना?"

मला हसू आलं नाही. पूर्वीही तिच्या मैत्रिणींसमोर हेच ऐकलं होतं, 'ताई बसवर असते.' कंडक्टर हा शब्द हिच्या तोंडून कधी बाहेर पडला नव्हता. मनात दाबून ठेवलेलं सगळं भसकन वर आलं. "लाज वाटते ना माझ्या या पिशवीची? तसं तोंडावर सांग की. घंटी मारणारी बहीण नको, चाक फिरवणारी हवी, होय ना?"

मुनी नुसती नाही-नाही म्हणून मान हलवत होती. मग तिने तोंड उघडलं. जबडा आवळला, मानेची शीर ताणली गेली. "क... क... क..." शब्द काही बाहेर येईना. तिचं हे तोंड मी ती फ्रॉकात असताना पाहिलं होतं, त्यानंतर आजच.

"कंडक्टर?" मीच पुरा केला.

तिने मान डोलावली आणि रडायला लागली.

"ते गेलंच नव्हतं, ताई," ती म्हणाली. "मी लपवायला शिकले. हे एक अक्षर फार अडतं. म्हणून मी त्याला वळसा घालते."

मग एकेक उलगडत गेलं. कॉफी हवी असली तरी ही चहा मागायची. कॉलेज म्हणता येत नाही म्हणून पोस्ट. आणि तेवढ्यात माझी ट्यूब पेटली. काय, कोण, कुठे, कधी, कसं. प्रश्न म्हटला की हे अक्षर आलंच की. आम्ही हिला ज्ञानी समजून बसलो, आणि हिला बिचारीला विचारताच येत नव्हतं.

"बोलताना मी शब्द बदलत राहते," मुनी म्हणाली. "वाटायचं, लिहिताना तरी खरं लिहीन, तिथे मोकळं रान आहे. पण पुढे हे मोठ्याने वाचावं लागेल या भीतीने माझा हातसुद्धा वळसे घ्यायला लागला. बघ ना, तुझी नोकरीच बदलून टाकली मी. शब्द बदलला तर माणूस बदलतो, हे तेव्हा नाही लक्षात आलं. आणि शांतता मला मुळीच आवडत नाही. मला बोलायचं असतं, ताई. खूप बोलायचं असतं."

माझा राग कुठल्या कुठे गेला. हसू का रडू तेच कळेना. म्हटलं, "मग तसंच लिही. वाचायला मी आहे खमकी." परतीच्या फेरीत ती मागच्या सीटवर बसून नव्याने लिहीत होती. पानं इतकी भराभर उलटत होती की तिकिटं देताना माझं अर्धं लक्ष तिकडेच.

समारंभाला मी आणि काका डेपोतून थेट गणवेशात गेलो. पिशवी काखेतच. भाषेच्या मॅडमनी मुनीचं नाव पुकारलं आणि सांगितलं, लेख तिची ताई वाचेल. मी उठलेच होते. मुनीने माझ्या हातातून कागद काढून घेतले, मला खाली बसवलं आणि स्वतः स्टेजवर गेली.

"मला बोलायला आवडतं," तिने सुरुवात केली. पुढची चार वाक्यं सरळ गेली. मग आलं, "माझी ताई क..."

आणि अडलं. पुन्हा "क...". मागून कुणीतरी खुदकन हसलं. मॅडम खुर्चीतून अर्ध्या उठल्या. माझ्या तर जिभेच्या टोकावर आला होता तो शब्द. एक हाक दिली असती की काम झालं असतं. जन्मभर मी तिच्या वाटणीचं असंच बोलत आले होते.

काकांनी माझ्या दंडावर हात ठेवला. "गाडी थांब्यावर उभी आहे," ते हळूच म्हणाले. "माणूस चढतोय. घंटी मारू नकोस."

मी ओठ दातांखाली धरला. मुनीने दुसरा शब्द शोधला नाही. तिथेच उभी राहिली, घामाघूम होऊन.

"क... क... कंडक्टर आहे."

मग ती पुढे वाचत गेली. ओळीओळीला अडत होती, आणि सगळं वाचत होती, एकही शब्द न गाळता. पुन्हा कुणी हसलं नाही. मी पिशवी पोटाशी धरून चारचौघांत रडत होते.

टाळ्या चालू असतानाच ती खाली आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"ताई, क... कसं झालं?"

मला आठवतं तसा तिने मला विचारलेला हा पहिला प्रश्न. आणि मागच्या दारापर्यंत आवाज जाणाऱ्या माझ्या तोंडून एक अक्षर फुटेना. काका म्हणाले, "आज हिची घंटी बिघडली."

दुसऱ्या दिवशी सकाळी बस गच्च भरली होती. मुनी चढली. मी मशीन हातात धरून विचारलं, "कुठलं?"

"क... क..."

तिच्या मागचे गृहस्थ चुळबुळले. "अहो, कॉलेज म्हणायचंय त्यांना. द्या की पटकन."

"त्या सांगतायत," मी म्हटलं. "तुम्ही थांबा."

ते थांबले. त्यांच्या मागचेही थांबले. मुनीने सांगितलं, मी तिकीट दिलं. बस पोस्टाच्या थांब्यावर पोचली तेव्हा मुनी बसमध्ये नव्हती.