रायवळ आंबे आणि आबांची साखर

साखर हाताच्या कातडीतून थेट रक्तात उतरते, हा शोध मी आमच्या गावी, पासलीला, घराच्या ओट्यावर बसून लावला. तो जवळपास तासभर टिकला.

दुसऱ्या दिवशी भोरला आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. मागच्या खेपेला साखर वाढलेली निघाली म्हणून डॉक्टरांनी त्यांना तसंच परत पाठवलेलं. तेव्हापासून आबांनी चहातली साखर सोडली, भात दोन घासांवर आणला (जन्मभर भातच पिकवलेला माणूस!). आता उद्याचा दिवस हुकला, की पेरणी, मग लावणी. म्हणजे दिवाळीपर्यंत चाचपडणं आलं. म्हणून मी पुण्याहून साखर मोजायचं यंत्र आणलं होतं.

आबा पाहुण्यांसाठी रायवळ आंबे पिळत बसले होते. मी त्यांचं बोट ओढलं, टोचलं, थेंब पट्टीला लावला. आकडा बघून मलाच घाम फुटला.

"आबा, रस खाल्लात?"

"जिभंला लावला न्हाई."

"मग साखर आली कुठनं?"

"तू शिकलाईस न्हवं? तूच सांग."

मी सांगितलं. भात, भाकरी, आंबा, सगळ्याची पोटात शेवटी साखर होते आणि ती आतड्यातून रक्तात जाते.

"पर आंबा पोटात गेलाच न्हाई," आबा म्हणाले.

इथं मी अडलो. पण पदवीधर माणूस अडून राहत नाही! "हातातून शोषली गेली असणार," मी म्हणालो.

आबांनी कोपरापर्यंत माखलेले हात अंगापासून लांब धरले. "म्हंजी तोंडाची गरजच न्हाई?"

"सकाळधरनं मी बी पिळतीया," बायको म्हणाली. "माजी बगा." तिची आबांपेक्षा जास्त निघाली! मग मी माझी मोजली (मीही दोन आंबे पिळले होते). सगळ्यांत जास्त माझीच. मला गरगरायला लागलं. बायकोनं मला घोंगडीवर आडवं केलं.

आबा म्हणाले, "आदी ह्याला भोरला न्या. माजा डोळा ऱ्हाऊ द्या."

मी पडल्या पडल्या डॉक्टरांना फोन लावायला गेलो, तर बोटांच्या चिकटपणानं मोबाईलच चालेना. उठलो, साबणानं हात धुतले, फोन लावला. डॉक्टर म्हणाले, "घाबरू नका, परत एकदा मोजा." मोजली. साखर एकदम सरळ! क्षणभर मला वाटलं, मधुमेह साबणानं जातो. मग मी माझ्या धुतलेल्या बोटांकडे बघितलं, आबांच्या पिवळ्या हातांकडे बघितलं, आणि गुपचूप त्यांच्यापुढे तांब्या धरला. हात धुतल्यावर त्यांचीही साखर जागेवर आली. आंबा कुणाच्याच रक्तात नव्हता, सगळा बोटांवर होता.

ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं. पट्टी काढली तेव्हा समोर मीच उभा होतो. आबांनी मला वरपासून खालपर्यंत नीट न्याहाळलं.

"दिसतंय का, आबा?"

"लख्ख दिसतंय," ते म्हणाले. "मला वाटायचं, निदान तोंडावरनं तरी हुशार दिसत असशील."