बाकाखालचा खंदक

आमच्या कॉलनीच्या बागेतलं एक बाक दरवर्षी एका अंगाला खचतं. माळी खाली विटा सारतो, पण उपयोग होत नाही. एकाहत्तरच्या लढाईत तिथे खंदक होता. भोंगा वाजला की खाली उतरायचं आणि कानात कापूस घालून उकिडवं बसायचं.

काल त्याच बाकावर बसून तळमजल्यावरचे नाना पोरांना सांगत होते, "तेव्हा अख्खी कॉलनी एका खंदकात बसायची. जातपात कुणी बघितली नाही!"

माझं डोकंच फिरलं. "आणि जिने झाडणारी सखूबाई, नाना?"

"तिचं काय?"

ती खंदकाशी धावत आली, तेव्हा याच नानांनी हात आडवा धरला होता. "इथे जागा नाही, बाई." भोंगा थांबेपर्यंत ती झाडू धरून उघड्यावर उभी होती. विमान आलं नाही, म्हणून आज यांना छाती फुगवता येते. बुजवलेली जमीन निदान खचून कबुली तरी देते.

जागा होती. मी सात वर्षांची होते, आणि माझ्या शेजारी मी बाहुली बसवली होती. ती मी उचलली नाही.