पडद्यामागचं मत

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला गायनवृंदात सगळे ‘खर्ज’ म्हणत. मागच्या रांगेत उभा राहून त्याने खालचा स्वर लावला की पहिल्या बाकावरच्या लोकांच्या पायाखालची फळी थरथरते, अशी त्याची ख्याती होती. त्यात अतिशयोक्ती असेलही, पण ती करणाऱ्यांत तो स्वतः पहिला.

हा वृंद दर नाताळला चर्चमध्ये गायचा. तीनशे वर्षांपूर्वीचं, बरोक काळातलं लॅटिन संगीत: चार प्रकारचे आवाज, ऑर्गन, दोन व्हायोलिन आणि शेवटी ट्रम्पेट. त्यात एका जागी बास, म्हणजे पुरुषांतल्या सर्वांत खालच्या, आवाजांची तान एकाच अक्षरावर धावत सुटते, श्वास घ्यायला उसंत देत नाही. ती तान बावीस वर्षं खर्जाची जहागीर होती.

त्याची बायको आल्टो, म्हणजे बायकांमधला खालचा आवाज, गायची. दिवसभर चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायची, संध्याकाळी तालमीला यायची. तिला नोटेशन वाचता येत नव्हतं आणि हे नवऱ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. नाताळच्या तीन महिने आधीपासून तो तिला जेवणाच्या टेबलाशी बसवून तिचा भाग गाऊन दाखवायचा आणि ती तो पाठ करायची. चुकली की तो चमचा तिच्या बोटांवर मारून म्हणायचा, “दगड.” मग वृंदात ती नोटेशनची वही समोर धरून वेळच्या वेळी पानं उलटायची.

जुने मास्तर निवृत्त झाले आणि नवीन बाई आल्या. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, सगळ्यांची पुन्हा परीक्षा. गाणारा पडद्याच्या एका बाजूला, ऐकणारे तिघे दुसऱ्या बाजूला: बाई स्वतः, ऑर्गनवाले आणि वृंदातला एकजण, चिठ्ठी टाकून निवडलेला. दोघांनी ‘हो’ म्हटलं तर पास. ज्याची चिठ्ठी निघेल त्याला परीक्षा माफ.

चिठ्ठी बायकोची निघाली.

“नको म्हणून सांगू का?” तिने घरी विचारलं.

“का? नवरा घाबरला म्हणतील. बस तू. आवाज ओळखशील ना माझा?”

“नुसते खाकरलात तरी ओळखेन.”

तो हसला. त्याच्या मते विषय तिथेच मिटला होता.

यादी लागली तेव्हा त्याच्या मित्राचं, टेनर, म्हणजे पुरुषांतला वरचा आवाज, गाणाऱ्या पोस्टमनचं नाव त्यात होतं. खर्जाचं नव्हतं. “टाइप करताना राहिलं असेल रे,” पोस्टमन म्हणाला. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, “चला, खर्जाचा खर्च वाचला,” आणि चार जण हसले. ऑर्गनवाल्यांनी त्याला बाजूला घेतलं. “मी तुला ‘हो’ दिलं होतं, बरं का. मनाला लावून घेऊ नकोस.” बिचाऱ्यांना वाटलं, आपण धीर देतोय. खर्जाने हिशोब केला. दोन ‘हो’ लागत होते.

घरी येऊन त्याने बूटही काढले नाहीत.

“तू ‘नाही’ लिहिलंस?”

“हो.”

“मला ओळखलं नव्हतंस?”

“ओळखलं होतं. तुमची तान तिसऱ्या वळणावर तुटते. दोन वर्षं झाली. मी पुढे उभी राहून माझ्या ओळीवर जोर लावायचे, म्हणून कुणाच्या कानावर आलं नाही.”

“मला सांगायचंस.”

“सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात सर्दी झालीये. दोन वर्षं सर्दी?”

ती खरंच बोलत होती. पण ते ‘नाही’ लिहिताना तिचा हात जराही अडखळला नव्हता, हेही तितकंच खरं होतं.

आठवड्याभराने तिने नवी वही टेबलावर ठेवली. तो पेपर वाचत होता.

“एवढं जरा सांगता का?”

“मी नापास माणूस. नापासाकडे शिकवणी कसली लावतेस?”

तेवढ्यावर तो थांबला असता तरी चाललं असतं. पण दोन दिवसांनी तो पोस्टमनला हसत हसत म्हणाला, “आमच्या हिला त्या वहीतलं काही कळत नाही. पानं उलटते नुसती.” पोस्टमनच्या पोटात काही राहत नसे. चार दिवसांत गोष्ट बाईंपर्यंत पोचली.

तालमीला चाळीस जणांसमोर बाईंनी तिला उभं केलं आणि हातात एक सुटं पान दिलं. “हे जरा एकटीने गा.” पानावरचे शब्द तिच्या ओळखीचे होते. गेल्या वर्षी हेच गायलो होतो, असं समजून तिने सुरुवात केली आणि शेवटपर्यंत गायली. एक स्वर चुकला नाही. तिला कुणी थांबवलं नाही.

“छान,” बाई म्हणाल्या. “पण या पानावर हे नाही. शब्द तेच आहेत, रचना दुसरी आहे.”

तिने पान घडी न करता परत दिलं, पर्स उचलली आणि निघाली. मग बाईंनी आल्टोंना पहिली ओळ म्हणायला लावली.

“बाईंना कुणी सांगितलं?” तिने घरी येऊन विचारलं.

“मी,” तो म्हणाला. त्याला वाटलं होतं, हे म्हणताना बरं वाटेल. थोडं वाटलंही.

नाताळच्या कार्यक्रमाला दोघंही गेले, शेजारी शेजारी बसले. गेलो नाही तर लोक बोलतील, एवढ्यावर त्यांचं एकमत होतं. खर्जाच्या जागी एक दाताचा डॉक्टर उभा होता. तान आली आणि त्याने ती एका श्वासात नेली. खर्जाचा गळा आपोआप हलत होता. बायकोने मान न वळवता हळूच म्हटलं, “ऐकलंत? तिसरं वळण.”

पुढल्या महिन्यात तिने नोटेशनच्या प्राथमिक वर्गात नाव घातलं. सात-आठ वर्षांच्या मुलींमध्ये, गुडघे छातीशी येतील अशा बुटक्या खुर्चीवर ती दोन वर्षं बसली. मुली तिला ‘आजी’ म्हणत आणि चुकली की खुदखुदत. मग तिने पडद्याआडून परीक्षा दिली आणि तिन्ही ‘हो’ घेऊन वृंदात परत आली. त्याने पुन्हा प्रयत्न केला नाही. कुणी विचारलं की म्हणतो, सर्दी आहे.

दोघं एकाच घरात राहतात. कामापुरतं बोलतात. नाताळ जवळ आला की ती एकटी वही घेऊन बसते, आणि तो आतल्या खोलीत दार किलकिलं ठेवून तिची चूक शोधत राहतो. बरेच दिवस सापडत नाही. परवा सापडली, दुसऱ्या ओळीत, अर्ध्या स्वराची.

त्याने ती सांगितली नाही.