खोडातले किडे

बाई आधी बोटाच्या पेराने खोडावर टकटक करायच्या, मग पदर सावरून कान लावायच्या. "आहेत हं मामा, घरातच आहेत," असं मला सांगायच्या. जसं काही मी विचारलं होतं.

मुलुंडला जंगलाला लागून आमची सोसायटी. मी तिथला माळी. बाई तळमजल्यावर एकट्या राहायच्या, शाळेतून रिटायर झालेल्या. अशी माणसं तुमच्याही बिल्डिंगीत असतील. लोक हसतात त्यांना.

किडा काळा, पाठीवर दोन पिवळे ठिपके. उताणा पडला की टक् करून उडतो आणि पायांवर येतो. बाईंना एकदाच मिळाला होता, तोही मेलेला, मोडका. पुण्याच्या कोणा जाणत्या सरांनी कळवलं, याला अजून नाव नाही, अख्खा मिळाला तर बघू. तेव्हापासून भिंतीकडेला पडलेलं आंब्याचं कुजकं खोड म्हणजे बाईंचा देव. अळ्या त्यात चार-चार वर्षं राहतात म्हणे.

"पावसाच्या तोंडावर निघतील. तेवढं खोड राखा, मामा."

"बाई, माळी मी आहे. कचरा कुठला ते मला कळतं."

"कळतं हो. म्हणून तर तुम्हाला सांगते."

शिमग्याच्या आधी बाई मोतीबिंदू काढायला भाच्याकडे बोरिवलीला गेल्या. इकडे होळीला लाकूड कमी पडलं. सेक्रेटरी म्हणाला, "खोड नेऊ या, पण मामा, बाईंना विचारा आधी." मला राग आला. मी कोणाला विचारू? इतकी वर्षं बाग माझ्या हातात. मीच खोड लोटत नेलं.

पेटलं तसं आतून टक्-टक् व्हायला लागलं. लाकूड तडकतंय, म्हणाले सगळे. मी जवळ होतो. सालीतून ते बाहेर पडत होते, उडत होते, परत आगीतच पडत होते. एक माझ्या पायाशी आला. पिवळे ठिपके होते. उचलला असता तर चार लोकांत चूक माझी ठरली असती. मी त्याला पायानेच आत सारला.

बाई आल्या, रिकाम्या जागेपाशी उभ्या राहिल्या. ओरडल्या नाहीत.

"पेटताना काही बाहेर आलं का हो, मामा?"

"काय नाय. पोकळ होतं."

"मग आधीच उडाले!" बाईंचा चेहरा खुलला. "यंदा ऊन लवकर तापलं ना."

मग पाऊसभर बाई छत्री घेऊन झाडाझाडाखाली शोधत फिरल्या. डोळ्यांना आता छान दिसतं म्हणायच्या. मी मागून बघायचो. "सापडतील हो," असं एकदा मी म्हटलंसुद्धा.

दिवाळीनंतर बाई गेल्या. भाचा मला म्हणाला, "मामा, किडे वाचले हे तुमच्याकडून कळलं, तेवढ्यावर आत्या खूश होती."

स्मशान तसं जवळच. पोरं सारखी म्हणत होती, "मामा, सोडा आता, आम्ही घेतो." मी खांदा बदलला नाही.