हातानं फिरवायचा व्हॉल्व्ह

उजव्या हाताचं एक बोट वर करून सर म्हणायचे, “एक झालं की मग दुसरं.” चहा पिताना बोलत नसत, बोलायचं असलं तर आधी कप खाली ठेवत. असा माणूस तुमच्याही ऑफिसात असेल, आणि तुम्हीही त्याला मागून हसला असाल. आम्ही हसायचो.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस उद्यमनगरातल्या आमच्या छोट्या कंपनीत ते सगळ्यांत जुने प्रोग्रामर. हातकणंगल्याहून रोज येत. एका दूध डेअरीतल्या यंत्रांचा प्रोग्राम त्यांचाच. त्यात सबरुटीन, म्हणजे एकेका कामाचे छोटे प्रोग्राम, एकामागून एक चालत: टाकी कॉस्टिक सोड्यानं धुवा, पाण्यानं खळबळा, मगच दूध सोडा. पहिलं काम संपून परत आल्याशिवाय दुसऱ्याला हाक नाही.

डेअरीत दुसरी टाकी आली आणि ही चाल संथ वाटू लागली. मी नवी होते, हुशारही होते. दोन थ्रेड लिहिले, म्हणजे एकाच वेळी चालणारी दोन कामं. एक टाकी धुतली जात असतानाच दुसरीत दूध भरायचं. मधली पाइप मात्र दोघांत एकच. ती मोकळी आहे का हे थ्रेड आधी बघायचा, मग घ्यायचा.

“दोघांनी एकदमच बघितलं तर?”

“सर, लाखात एकदा होईल.”

“बाई, दूध रोज हाय की.”

पंधरा दिवस नुसत्या पाण्यावर चाचणी झाली. एकही चूक नाही. मी पेढे वाटले. पेढा हातात तसाच धरून ते म्हणाले, “गप हाय, त्येचंच भ्या वाटतंय.”

दुधाच्या पहिल्या सकाळी ते पाइपवरच्या हातानं फिरवायच्या व्हॉल्व्हपाशी जाऊन उभे राहिले. मी स्क्रीनसमोर. तासाभरानं एकाच सेकंदाला दोन ओळी उमटल्या. धुलाई: पाइप मोकळी, घेतली. दूध: पाइप मोकळी, घेतली. बाहेर दुधाच्या पिशव्या न्यायला गाड्या उभ्या होत्या. मी ओरडतच उठले.

त्यांना माझ्या ओरडण्याची गरज नव्हती. एरवी एकामागून एक वाजणारे व्हॉल्व्हचे खटके एकदम वाजले होते. मी धावत पोचले तोवर व्हॉल्व्हचं चाक फिरवून त्यांनी पाइप बंद केली होती. त्यांनी व्हॉल्व्हच्या अलीकडच्या दुधात तांबडा लिटमस कागद बुडवला. निळा झाला, म्हणजे सोडा मिसळला होता. पलीकडच्या, पिशव्यांकडे जाणाऱ्या दुधात बुडवला. तांबडाच राहिला. तेव्हा कुठे ते माझ्याकडे वळले.

“रडू नका,” ते म्हणाले. “पाइपची किल्ली एकच ठेवा. जेच्याकडं किल्ली, त्यो उघडंल. दुसऱ्यानं थांबायचं.”

थ्रेड काढायला लावले नाहीत. मी त्याच दिवशी प्रोग्रामात तशी किल्ली बसवली.

सर वारून वर्ष झालं होतं, तेव्हा एका कामासाठी पुन्हा त्या डेअरीत गेले. प्रोग्राम दुसऱ्या कंपनीचा, पाइप नवी, चाक काढून टाकलेलं.

“पाइपची किल्ली एकच आहे ना?” मी तिथल्या इंजिनिअरला विचारलं.

“कसली किल्ली? तीन वर्षांत काही प्रॉब्लेम नाही, मॅडम.”

चाक होतं त्या जागी मी कान देऊन उभी राहिले. नवे व्हॉल्व्ह वाजत नाहीत.