कूलरचं तोंड

माझी सवत समुद्रातून आली होती. बोटभर लांब, केशरी, अंगावर पांढरे पट्टे. यांचा रेल्वेतला एक दोस्त तिला मुंबईहून पाण्याच्या पिशवीत घेऊन आला आणि पुढे दर खेपेला कॅनमध्ये समुद्राचं पाणी भरून आणू लागला. ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. आम्ही पिपरी मेघेला राहत होतो. आमच्याकडे समुद्र पाहिलेला होता कोणी? शेजारच्या बाया काचेची पेटी बघायला यायच्या, पाण्यात बोट बुडवून चाटायच्या आणि "खरंच खारं हाय माय!" म्हणत घरी जायच्या.

मी त्या मासोळीवर जळायचे. कचेरीतून आले की हे आधी पेटीपाशी. लाइट गेली आणि बुडबुड्यांचं यंत्र बंद पडलं, की हे सायकलचा पंप घेऊन तिच्या पाण्यात हवा भरत बसायचे, घामाघूम होईस्तोवर. मी स्टोव्हपाशी उकडून निघायचे, पण माझ्यावर कधी कोणी साधा पेपरानं वारा घातला नाही.

कूलरसाठी मी किती उन्हाळे मागे लागले होते. शेवटी आला तो, लोखंडी स्टँडवर. समोरच्या खोलीत ठेवला आणि त्याचं तोंड केलं पेटीकडे.

"समुद्रातला जीव हाय. त्याले आपली गरमी सोसत नाई," हे म्हणाले.

मी आर्वीची, म्हणून मला सोसत होती! त्या दिवशी भांडी आदळता आदळता मी बोलून गेले, "एक दिवस तुमच्या या मासोळीले तेलातच टाकीन."

आणि मे महिन्यातल्या एका शनिवारी, कचेरी अर्धा दिवस असताना, संध्याकाळी पेटीत मासोळी नव्हती. यांनी दगड उचलून पाहिले, वाळू उकरली, सगळं पाणी बादल्यांमध्ये उपसलं. सासूबाई म्हणाल्या, "पाण्यातली चीज, जाईन कुठं?" आणि त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. मग हे आत आले. कढईवरचं झाकण उचललं, वाकले आणि वास घेतला.

कढईत वांग्याची भाजी होती. तीच यांच्या डोक्यावर ओतावी असं मला वाटलं.

"काऊन, सापडली का?" मी विचारलं.

"तूच म्हणे ना त्या दिवशी," हे म्हणाले आणि न जेवता निघून गेले. मला टायफॉइड झाला होता तेव्हा हा माणूस दोन्ही वेळा पोटभर जेवत होता.

सकाळी मी पिशवी भरली. आर्वीची एसटी पकडून माहेरी जायचं. पण गेले असते तर चोरी माझ्याच नावावर कायमची राहिली असती. तेव्हा पिशवी ठेवली आणि फडकं घेऊन पेटीभोवतीची फरशी पुसायला बसले. टेबलाखाली, भिंतीच्या बाजूला, पांढरे ठिपके वाळले होते. कूलरच्या थेंबांचेही तसेच डाग पडतात, म्हणून मी बोट ओलं करून टेकवलं आणि चाटलं. खारट! ठिपके कोपऱ्यात यांच्या बुटांपाशी गेले होते. माझ्या वडिलांनी लग्नात दिलेले बूट. उन्हाळ्यात हे चपलाच घालायचे. डाव्या बुटात मासोळी पडली होती. रंग उडालेला, मुंग्या लागलेल्या.

मी बूट तसाच नेऊन यांच्यासमोर ठेवला.

"पेटीचं झाकण कोणं उघडलं होतं?"

हे बुटापाशी उकिडवे बसले. "मीच," म्हणाले. "काल दुपारी, जेवण झाल्यावर. कूलरची हवा पाण्याले लागली पाह्यजे म्हणून. मंग डोळा लागला माझा."

उघडी पेटी बघून तिनं उडी मारली होती. हे रडले. मला त्या बुटातल्या मेलेल्या मासोळीचाही हेवा वाटला. माझ्यासाठी हे कधी रडल्याचं मला आठवत नव्हतं. तिला लिंबाच्या झाडाखाली पुरलं. सासूबाई तेवढं म्हणाल्या, "तो बूट धुवून ठेवजो." कढईचं नाव कोणीच काढलं नाही.

त्या दुपारी मी आतल्या खोलीत फरशीवर पडले होते. डोळे मिटलेले, झोप नाही, नुसता राग. बाहेर लोखंड घासल्याचा आवाज झाला. डोळे उघडले तर यांनी कूलर दारापर्यंत ओढत आणला होता, तोंड आत करून. बटण दाबलं आणि दारातच उभे राहिले.

"हवा येऊन राह्यली का?"

लग्न झाल्यापासून असलं काही त्यांनी मला विचारलं नव्हतं. हवा येत होती. वाळ्याचा वास घेऊन अंगभर येत होती.

"नाई," मी म्हटलं.

त्यांनी कूलर आणखी थोडा माझ्याकडे वळवला आणि पुन्हा विचारलं.