दोन तासांचं पेट्रोल

वसतिगृहाच्या फाटकाशी तुकाराम सायकल धरून उभा दिसला, तेव्हा मला वाटलं, मामीनं काहीतरी खायला पाठवलं असेल. तुकाराम पिंपरी गावातला, मामांच्या हाताखाली काम करणारा. मला पाहून त्यानं टोपी काढली. "ताई, चला. सायेब न्हाई ऱ्हायले." सकाळी कामावर जायला बूट घालता घालता मामा कलंडले होते. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं…

मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. पिंपरीला नव्यानं निघालेल्या एका कारखान्यात तयार माल रवाना करण्याचं खातं ते बघत. तिथे त्यांची थोडी थट्टाही होई, कारण मालमोटारीत चढणाऱ्या प्रत्येक खोक्यावरची चिठ्ठी ते स्वतः वाचत. "सायेब, खोक्याची पत्रिका बघताय व्हय?" असं तुकाराम एकदा माझ्यासमोरच म्हणाला होता. मामा हसले, पण वाचायचे थांबले नाहीत. त्याचं कारण मला माहीत होतं. मी फारशी बोलत नाही, म्हणून असेल, पण त्यांनी ते मला सांगितलं होतं.

पिंपरीला येण्याआधी ते मुंबईला एका विमान कंपनीत होते. कुठल्या विमानात किती पेट्रोल भरायचं, हे ठरवणं त्यांचं काम. "मुंबईचं विमान पुण्याला निघालं आणि पुण्यावर ढग उतरले, तर काय करशील?" त्यांनी मला विचारलं होतं.

"मुंबईला परत येईन."

"आणि लांबच्या बेटावर निघालीस तर? परत यायला पेट्रोल नाही, शेजारी दुसरा विमानतळ नाही. नुसतं पाणी. म्हणून नियम असा, की बेटावर पोचल्यावरही दोन तास घिरट्या घालता येतील एवढं पेट्रोल जास्त न्यायचं."

"दोन तासांनीही ढग हलले नाहीत तर?"

"तू वैमानिकांपेक्षा वाईट आहेस!" म्हणून ते हसले होते.

अशाच एका बेटावर जाणारं विमान एकदा वजनात बसेना. कॅप्टन जोग तावातावानं त्यांच्या टेबलाशी आले. "अहो गोरे, आभाळ आरशासारखं आहे. ते दोन तासांचं पेट्रोल काय समुद्राला दाखवून परत आणू?"

"आभाळ इथलं स्वच्छ आहे, कॅप्टनसाहेब. तिथलं मला दिसत नाही."

मामांनी पेट्रोल ठेवलं आणि सामान कमी करायला सांगितलं. सामान उतरवताना दाराजवळची खोकी आधी उतरतात. आणि घाईचं सामान नेमकं शेवटी येतं, म्हणून तेच दाराजवळ असतं. उतरवलेल्या खोक्यांत बेटावरच्या शाळामास्तरांच्या बायकोसाठी निघालेली इंजेक्शनं होती. बेटावर लख्ख ऊन होतं. विमान गेलं तसं उतरलं, ते दोन तासांचं पेट्रोल टाकीत तसंच घेऊन. इंजेक्शनं पुढच्या विमानानं गेली, तोवर ती बाई गेली होती.

मामांना कुणी दोष दिला नाही. त्यांनीच नोकरी सोडली. "नियम बरोबरच होता गं," ते म्हणत. "खोकी बघायला हवी होती." मग थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता, "ते दोन तास पुढे कधी कुणाच्या उपयोगी पडले असतील का?" मी म्हणे, पडले असतील. त्या 'असतील'वर त्यांचं समाधान होत नसे. आम्हा दोघांनाही ठाऊक होतं, की मी काही विमान चालवत नाही…

गेल्या रविवारी एक उंच गृहस्थ मामीला भेटायला आले. कॅप्टन जोग. वर्तमानपत्रात वाचून आले होते. त्यांनी मामीला नमस्कार केला. मग म्हणाले, "वहिनी, गोरे नोकरी सोडून गेले त्याच पावसाळ्यात मी त्या बेटावर अडकलो. खाली काही दिसेना. पहिला तास गेला, दुसराही संपत आला, तेव्हा कुठे ढगांत फट पडली. विमानात माणसं होती, लहान मुलं होती. ते पेट्रोल नसतं तर…"

मामीनं विचारलं, "ह्यांना कळवलंत?"

"कितीदा ठरवलं. पण त्या दिवशी मी त्यांना चारचौघांत नको ते बोललो होतो. जीभ रेटली नाही. पुण्याला तर दर महिन्याला येतो. ह्याच रस्त्यानं."

"गाडी थांबवायला कितीसा वेळ लागला असता हो?" मामी म्हणाली. तिचा आवाज चढलाही नव्हता.

 मी चहा ठेवायला आत गेले.

मामांची वेताची खुर्ची पुढच्या खोलीत अजून खिडकीशीच आहे. मामी ती हलवू देत नाही. संध्याकाळी कारखान्यातून आले, की काळोख पडेपर्यंत मामा तिथे बसत. खिडकीतून मुंबई–पुणे रस्ता दिसतो, आणि जाणारी येणारी प्रत्येक गाडी.